पिवळ्या झाकणाची ट्यूब

६ फेब्रुवारी, सोमवार

चार वर्षांनी दादाचा फोन आला. मी मशीनवर सकाळचे नमुने लावत होते, हातात मोजे, म्हणून उचलला नाही. परत आला. पुन्हा परत आला. शेवटी उचलला, तर माझा सख्खा भाऊ मला विचारतो, "तुमच्या हॉस्पिटलात एक खाट मिळेल का गं?" कशी आहेस, जिवंत आहेस का, काही नाही. मी म्हटलं, कोणासाठी? तर म्हणे, "हिच्यासाठी."

ही म्हणजे वहिनी. हृदय थकलंय, पायांवर सूज, रात्री आडवं पडलं की दम लागतो. तरी खाट मिळवून दिली. चोवीस वर्षं इथल्या लॅबमध्ये घासलीत, एवढं वजन आहे माझं. दुपारी दोघं आले. वहिनी चाकाच्या खुर्चीत, फुगलेली, ओठ निळसर. मला पाहून हसली आणि म्हणाली, "वन्सं, बारीक झालात." दम लागलेला असतानाही टोमणा मारायला श्वास उरतो काही लोकांकडे.

एकोणीस वर्षांपूर्वी माझं लग्न ठरत आलं होतं. हिने मुलाच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं की मला लहानपणी झटके यायचे. खोटं नव्हतं. सात वर्षांची असताना दोनदा आले होते. पण विचारलं होतं कोणी? लग्न मोडलं. "उद्या त्यांना दुसरीकडून कळलं असतं तर तुम्हालाच छळलं असतं, वन्सं," असं वर मलाच समजावलं. हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. घरात बोलायला माझ्याशिवाय कोणी नाही, म्हणून वहीत लिहिते.

७ फेब्रुवारी, मंगळवार

दादाला रिपोर्ट समजत नाहीत. आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढले, त्यामुळे त्याला सगळं कागदावर बाण काढून लागतं. कँटीनमध्ये चहा घेता घेता त्याला समजावलं. हृदय थकलं, त्यामुळे किडनीकडे रक्त कमी जातं. किडनीला वाटतं, शरीर सुकलं. मग ती पाणी आणि मीठ धरून ठेवते. ते पाणी पायांत उतरतं, फुप्फुसांत साचतं. फुप्फुसं ओली झाली की रक्ताला प्राणवायू कमी मिळतो, म्हणून हृदय अजून जोराने धावतं आणि अजून थकतं.

दादाने बाण काढले. सगळे फिरून पहिल्याच जागी आले. तो म्हणाला, "म्हणजे किडनीचा काही दोष नाही?"

"नाही. तिला चुकीची बातमी मिळाली. तिच्या परीने ती घर सांभाळतेच आहे."

"मग बातमी कोण देतं?"

"रक्त."

 त्याने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. चहा माझाच थंड झाला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

वॉर्डच्या सिस्टरचा फोन: "तुमच्या वहिनीची शीरच मिळत नाहीये, तीनदा टोचलं." रक्त काढणं हे आता माझं काम नाही, मी मशीन सांभाळते. पण खराब नमुना आला की मशीन माझंच अडतं. म्हणून वर गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

दोन्ही कोपरांत वांग्याच्या रंगाचे डाग. मी दंडाला आवळलेला पट्टा सोडला, गरम पाण्याची पिशवी मागवली, तिचा हात दहा मिनिटं त्यावर ठेवला. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला एक बारीक शीर आहे, दोऱ्याएवढी. लहान मुलांची बारीक सुई घेतली. एकदाच टोचलं, आलं.

"हात हलका आहे तुमचा," वहिनी म्हणाली.

"हात सगळ्यांचाच हलका असतो. पट्टा घाईत बांधतात लोक."

"आता रोज तुम्हीच या."

बघा, हुकूम सोडायची सवय जात नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

सूज उतरते आहे. लघवी वाढवायचं इंजेक्शन चालू आहे. पण त्या पाण्याबरोबर पोटॅशियमही वाहून जातं. आज ३.२, हवं त्यापेक्षा कमी. त्यात वहिनीला हृदयाचे ठोके आवरणारी एक जुनी गोळी आहे. पोटॅशियम खाली गेलं की ती गोळी औषध न राहता विष होते. म्हणून पोटॅशियमचं पातळ औषध सुरू केलं. वॉर्डचा डॉक्टर नवा आहे, उंच, मान लांब, पांढरा कोट गुडघ्यापर्यंत. आम्ही लॅबमध्ये त्याला बगळा म्हणतो. दर आकडा फोन करून पुन्हा विचारतो. "मॅडम, ३.२च ना?" नाही बाबा, तुझ्यासाठी ३.३ करते.

औषध भयंकर खारट लागतं अशी वहिनीची तक्रार. थोड्या पाण्यात साखर-लिंबू घालून द्या, असं सिस्टरला सांगून आले. नाहीतर ती थुंकून टाकेल आणि उद्या आकडा खाली आला की फोन मलाच.

१२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी होती. घरी पाण्याची टाकी धुवायची होती. पण बदलीवर आलेल्या माणसाचा हात मला ठाऊक आहे, भाजी निवडतो तसा शिरा शोधतो. गेले, रक्त काढलं, एकदाच टोचून. पोटॅशियम ३.४. टाकी तशीच राहिली.

वहिनी आज उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावरची सूज गेल्यावर किती म्हातारी दिसायला लागली. पट्टा बांधत होते तर म्हणाली, "वन्सं, त्या लोकांना मी तेव्हा जे सांगितलं ना..."

मी म्हटलं, "हात हलवू नका."

 ढोंगी बाई. आजारपणात सगळ्यांनाच पाझर फुटतो.

१३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारचा एक. जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे कारण डोकं फिरलंय.

सकाळी वहिनीची शीर दमलेली होती. इतके दिवस तीच शीर वापरतेय. जेमतेम थोडं रक्त आलं आणि थांबलं. आज रक्तपेशी मोजायच्या होत्या, म्हणून आधी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घातलं. ती खुणेच्या वर भरली आणि पिवळ्या झाकणाच्या ट्यूबला तळ झाकण्यापुरतंही उरलं नाही. पोटॅशियम वगैरे सगळं त्या पिवळीतूनच होतं. पुन्हा टोचायचं तर ती आधीच डोळे मिटून दात आवळून बसली होती. तिचं कण्हणं कोणाला ऐकायचंय? जांभळीतलं थोडं पिवळीत ओतलं. दोन घोट इकडचे तिकडे. ती म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, झालं.

साडेदहाला बगळ्याचा फोन. "मॅडम, पोटॅशियम ७.९ कसं? काल ३.४ होतं." मी म्हटलं, तीन दिवस ते पातळ औषध पाजताय, किडनी आधीच मंद, चढलं असेल. "नमुना पुन्हा पाठवू का?" असं विचारायची हिंमत! मी म्हटलं, "डॉक्टर, नमुना मी स्वतः काढलाय. तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून काढते आहे." त्याने सॉरी म्हटलं आणि फोन ठेवला. लगेच इन्सुलिन आणि ग्लुकोजचं सलाईन लावलं म्हणे. इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. बरं झालं, वेळेत कळलं. वेळेत कळलं नाही तर हृदय थांबतं.

आजकालच्या पोरांना मोठ्यांवर विश्वासच नाही.

त्याच दिवशी

वहिनी गेली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी. ठोके आधी अडखळले, मग थरथरायला लागले, मग काहीच नाही. धावपळीत काढलेल्या रक्तात पोटॅशियम २.४.

१५ फेब्रुवारी, बुधवार

काल सगळं उरकलं. दादा रडला नाही. घरी आल्यावर वहिनीचा चष्मा पुसत बसला, पुसून झाला तरी पुसत होता. मी भांडी घासली. त्यांच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षांनी पाऊल टाकलं, तरी डबे जिथल्या तिथेच होते.

दादा म्हणाला, "सकाळी मी आलो तेव्हा बरी होती. पाय बघ म्हणाली, घोटा दिसायला लागला. मग त्या पोराने सलाईन लावलं आणि चार तासांत..." त्याने चष्मा डबीत ठेवला. मग म्हणाला, "मी तक्रार केलीय."

मी म्हटलं, बरोबर केलंस. नवशिक्याच्या हातात माणसं देतात. इन्सुलिन जास्त पडलं असणार. दुसरं काय?

दुसरं काय, असं म्हणून मी ओली भांडी फडक्याने पुसायला घेतली. पुसली नाहीत तर डाग राहतात.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकशी. बगळ्याला घरी बसवलंय. लॅबच्या प्रमुख मॅडमनी माझा जबाब लिहून घेतला. नमुना कोणी काढला? मी. मशीन नीट चालू होतं का? होतं. वॉर्डमधून शंका विचारणारा फोन आला होता का?

मी म्हटलं, दिवसाला पन्नास फोन येतात, आठवत नाही.

मॅडमनी तेच लिहिलं. मी सही केली. सही नेहमीसारखीच आली. पुढे पाच वर्षांनी निवृत्ती आहे. या लॅबमध्ये कोणाचा नमुना चुकला की मी सगळ्यांदेखत त्याची शोभा करते. मागच्या वर्षी एकाला जांभळीतलं पिवळीत ओतताना पकडलं तेव्हा मी काय काय बोलले ते इथे लिहायची गरज नाही. सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

बगळा लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. कोट नव्हता, साधा शर्ट, त्यामुळे क्षणभर ओळखलंच नाही. दाढी वाढलेली. म्हटलं, आता हा भांडणार. मी मोजे न काढताच उभी राहिले.

"मॅडम, तुमच्या घरचं माणूस गेलं. मला माफ करा," तो म्हणाला.

मी ट्रेमधल्या ट्यूब सरळ करत राहिले.

"मी फोन केला होता, एवढंच तुम्ही सांगाल का? शिक्षा होईल ती होऊ दे. पण मी न विचारता केलं असं माझ्या वडिलांना वाटायला नको."

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मग जाता जाता, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे, म्हणाला, "चार दिवस पुस्तकं काढून बसलोय. जेवढं इन्सुलिन दिलं त्याने पोटॅशियम फार तर एक-दीडने उतरतं. ७.९चं २.४ होतच नाही. शरीर असं वागत नाही, मॅडम. मग मला काहीतरी मुळातच समजलेलं नाही. हे काम सोडून द्यावं म्हणतो."

तो गेल्यावर मी मशीनला पाणी लावलं, कचरा बदलला, जे काम माझं नव्हतं तेही केलं. शरीर असं वागत नाही. मूर्ख पोरगा. अर्धी विद्या त्याची आणि अर्धी माझी एकत्र केली तर उत्तर निघतं, आणि तो स्वतःलाच नापास करून बसलाय.

२० फेब्रुवारी, सोमवार

नमुने आम्ही सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतो, आठव्या दिवशी फेकतो. फेकायचं काम माझं. आज तेरा तारखेचा ट्रे निघाला. वहिनीची पिवळी ट्यूब तिसऱ्या ओळीत होती. नुसती कचऱ्यात टाकायची होती. कोणी बघत नव्हतं, बघितलं असतं तरी ते माझं कामच होतं.

मी ती मशीनवर लावली आणि कॅल्शियम बघितलं.

दादाला बाण काढून सांगितलं तसंच लिहिते, म्हणजे पुन्हा विसरल्याचं सोंग करता येणार नाही. जांभळ्या ट्यूबमध्ये एक मीठ असतं. रक्त गोठू नये म्हणून ते कॅल्शियम धरून ठेवतं. ते मीठ पोटॅशियमचं असतं. ते पिवळीत गेलं की मशीनला पोटॅशियम खूप दिसतं आणि कॅल्शियम जवळजवळ दिसतच नाही. माणसाच्या अंगात तसं काही झालेलंच नसतं. हे इथे झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक आहे.

निरोगी माणसाचं कॅल्शियम नऊच्या आसपास असतं. मशीनने ३.६ दाखवलं. एवढं कमी असतं तर त्या सकाळी ती "झालं?" असं विचारायला शुद्धीत नसती.

म्हणजे तिचं पोटॅशियम तेव्हाही तीनच्या घरातच होतं. बगळ्याने माझ्या आकड्यावर विश्वास ठेवून ते अजून खाली ढकललं. आणि ती जुनी गोळी होतीच. किडनीसारखंच त्याचंही झालं, चुकीची बातमी मिळाली आणि त्याने आपल्या परीने घर सांभाळलं.

मला तेराच्या दुपारी माहीत होतं. २.४ ऐकलं तेव्हाच. खाई त्याला खवखवे. आता खोटं कशाला लिहू?

२१ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना ट्यूब दिली, कॅल्शियमचा आकडा दिला आणि जबाब नव्याने लिहून दिला. फोन आला होता. त्याने पुन्हा नमुना पाठवू का असं विचारलं होतं. मी नको म्हटलं होतं.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्ही? तुम्हाला तर..." त्यांनी नवा जबाब फाइलीत लावला. "पुन्हा एकदा टोचायचं होतं ना, बाई."

मी म्हटलं, हो.

उद्यापासून मी कामावर नाही. पुढचं पुढे कळवतील. कपाटातून माझा कप आणि स्वेटर घेतला. स्वेटर काखेत घट्ट होतो, वहिनीने विणला होता. लॅबच्या गारठ्यासाठी म्हणून दादाच्या हाती पाठवला होता, कधीचा. माप कधी बरोबर घ्यायचं नाही. बगळ्याला फोन करायचा होता, नंबर काढला. त्याने उचलल्यावर मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे शरीर बरोबर वागलं होतं." मग रडला. मी फोन ठेवला.

२२ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटलचं पत्र जायच्या आधी दादाला मी सांगावं म्हणून सकाळीच गेले. त्याने चहा केला. वहिनी गेल्यावर शिकला असावा, पाणचट होता. कप ठेवला आणि सांगितलं. कोणत्या ट्यूबमधलं कोणत्या ट्यूबमध्ये, सगळं. त्याला कागद लागेल म्हणून कागदही नेला होता, पण त्याने तो घेतला नाही.

"मग त्या पोराची चूक नव्हती?"

"नाही. माझी."

"तुझी," तो म्हणाला. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "तू कधी चुकत नाहीस."

"दादा, शीर मिळत नव्हती. वहिनींना दुसऱ्यांदा टोचायला नको म्हणून मी..."

तो हसला. माझा भाऊ मोठ्याने हसला. "तू? तिला दुखू नये म्हणून?"

"हो."

"एकोणीस वर्षं तू तिच्याशी धड बोलली नाहीस. ती तुला सणावाराला बोलवायची, तू यायची नाहीस. आजारी पडली तेव्हा मीच तिला तुझ्या हवाली केली. हात जोडून केली." तो उठला, कप उचलले. "केलंस काय ते मला कळत नाही. पण दया होती असं नको सांगूस. तेवढं सांगू नकोस मला."

"दादा, देवाशपथ..."

"जा तू."

मी दारात चपला घालत होते तेव्हा त्याने नळ सोडला. एवढ्याशा दोन कपांना इतकं पाणी लागत नाही.

घरी येऊन ही वही काढली. म्हटलं, रोज लिहिलंय, त्यात काहीतरी असेल. त्याला नेऊन दाखवता येईल असं एखादं वाक्य. सहा तारखेपासून वाचत आले. टोमणा मारणारी. हुकूम सोडणारी. तक्रारखोर. ढोंगी बाई. कण्हणं कोणाला ऐकायचंय. दर पानावर मी तिला काही ना काही म्हटलंय आणि सगळं माझ्याच अक्षरात आहे. त्याच्या हाती ही वही लागली तर त्याला वाटतंय ते खरंच आहे याचा पुरावाच मिळेल.

तेरा तारखेच्या पानावर खाली तीन-चार ओळींची जागा सुटली आहे. शाई तीच आहे. तिथे चांगलं काहीतरी लिहिलं तर कोणाला कळणार नाही. पेन घेऊन बसले. दुपार गेली. शीर बारीक होती, हात गार होता, एवढंच लिहिता आलं.